नेच्यांची रांग

अवि, तुझी वही माझ्याकडे आहे. पिवळ्या पुठ्ठ्याची, पावसात न भिजणारी, शर्टाच्या खिशात मावणारी. परवा शुभांगीनं ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. तुझ्या कामाची असेल." तुझी बायको तुझी शेवटची वही मला देते आणि मी ती घेते, पर्समध्ये टाकते, तुमच्या हौगांगपासून आमच्या क्वीन्सटाउनपर्यंत एमआरटीच्या ट्रेनमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसते, आणि घरी आल्यावर वही जेवणाच्या टेबलावर ठेवून तिच्याकडे पाठ करते. पुठ्ठ्यावरचा चिखल वाळलाय. टेबलावर त्याची बारीक माती पडते आणि मी ती पुसत नाही. ऑफिसात तुझ्या मागे ओलं फडकं घेऊन फिरणारी मी.

तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले. पुढच्या बुधवारी शुभांगी आणि तुझी लेक ईरा कायमच्या परत जाणार. तू गेलास म्हणजे तुझा इथं राहून काम करायचा पास गेला, आणि तुझ्या पासावर त्या दोघींचे पास होते. नऊ वर्षांचं घर खोक्यांत भरायला महिना दिलाय. म्हणजे माझ्याकडे बुधवारपर्यंतचा वेळ आहे. शुभांगी एक प्रश्न भेटेल त्याला विचारते आहे, आणि त्याचं उत्तर फक्त मला माहीत आहे. मी तिला तीनदा खोटं सांगितलंय. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय, कारण दुसऱ्या कुणाशी बोलायची माझी छाती होत नाही. आणि मी तुझ्यावर चिडलेली आहे, तेही आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणशील, मेल्यावर तरी ही बाई गोड बोलायला लागली.

आपण काय काम करतो असं कुणी विचारलं की तू एका वाक्यात उरकायचास, "मी खडक बघतो, ही कागद बघते." तीन आठवडे तू समुद्रापलीकडच्या बेटावर, कोळशाच्या खाणीत. खाणीच्या आसपासचा एकेक उघडा खडक गाठायचा, त्याला होकायंत्र टेकवायचं, थर कुठल्या दिशेनं जातो आणि किती कलतो ते वहीत लिहायचं, त्या जागेला नंबर द्यायचा. मग एक आठवडा जुरोंग ईस्टच्या ऑफिसात, माझ्या शेजारच्या खुर्चीत. तुझे नंबर, तुझे कोन, तुझ्या रंगीत पेन्सिलींनी रंगवलेले कागद मी संगणकावर चढवायचे. आधी ठिपके, ठिपक्यांमधून रेषा, रेषांच्या आत रंग. महिनाअखेरीला त्याचा मोठा नकाशा छापून खाणीत जायचा आणि तिथली माणसं तो बघून ठरवायची, की भिंत किती उभी कापायची, यंत्रं कुठं उभी करायची, माणसं कुठं पाठवायची.

सहा वर्षं मी त्या खाणीचा नकाशा काढला आणि खाण एकदाही पाहिली नाही. तुला ते फार खुपायचं. "स्वैपाक न चाखता वाढणारी बाई," म्हणायचास. मी म्हणायचे, वाढते तरी नीट. तुझ्यासारखं सांडत नाही.

पहिल्याच आठवड्यात तू मला एक गोष्ट शिकवलीस. पाहिलं ते सलग, ताडलं ते तुटक. जमिनीतली भेग डोळ्यांनी पाहिली, हातानं चाचपली, तर नकाशात तिची सलग रेष. दोन ठिकाणी पाहिली आणि मधे ती असणार असं वाटलं, तर मधे तुटक रेष. नुसतीच शंका असेल तर तुटक रेषेवर प्रश्नचिन्ह. मी भेग म्हटलं की तुझं डोकं फिरायचं. "भेग नव्हे गं, विभंग. दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकलेल्या असतात. भेग टाचेला पडते." मी मुद्दाम भेगच म्हणायचे. आताही म्हणते.

आणि एका रविवारी तू आम्हा सगळ्यांना बुकित बातोकला नेलंस. जुन्या दगडाच्या खाणीचं तिथं तळं झालंय, पलीकडे खडक उभा आहे. लग्नाचे फोटो काढायला आलेली दोन जोडपी, एक फुगेवाला, आणि तू, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गळ्यात होकायंत्र. शुभांगी लाजेनं लांब जाऊन बसली होती. तू माझा हात धरून दगडावर ठेवलास. "डोळे मीट. तळहातानं सांग, कुठं कललाय?" मला काहीच कळलं नाही. मी म्हटलं, गरम आहे. तू इतका हसलास की ईरा तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, डोन्ट लाफ लाइक दॅट, पीपल लुकिंग लाह." पण मग तू पुन्हा हात ठेवायला लावलास, पुन्हा, आणखी एकदा, आणि चौथ्या वेळी मला खरंच कळलं. उतार तळहाताला लागला. तोवर माझ्यासाठी कल म्हणजे एक आकडा होता, रकान्यात भरायचा. त्या दिवसाबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. उपकार झाले, अवि.

मग ते चहाच्या डागाचं प्रकरण झालं. तुला अजून हसू येत असेल तर हस, पण सगळं तिथूनच सुरू झालं असं आता मला वाटतं.

तुझ्या कागदावर खालच्या कोपऱ्यात एक तपकिरी अर्धगोल होता. तपकिरी म्हणजे मऊ मातीचा थर, असं आपलं ठरलेलं. मी तो इमानदारीत चढवला, त्याला कड घातली, रंग भरला, नाव दिलं. नकाशा छापून गेला. खाणीच्या माणसांबरोबर मीटिंग होती, पडद्यावर नकाशा, आणि त्यांच्या मॅनेजरनं विचारलं, हा मातीचा पट्टा नेमका कुठं आहे, आमच्या कँटीनखाली दिसतोय. तू पडद्याकडे पाहिलंस, आपल्या कागदाकडे पाहिलंस, आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागलास. तो तुझ्या चहाच्या कपाचा डाग होता. खाणीची माणसंही हसली. आपली मॅनेजर लिंडा मात्र हसली नाही. पुढचे दोन आठवडे तू येता-जाता त्याला "मधुरा डोंगर" म्हणत होतास. मीही हसत होते, वरवर. घरी जाऊन रडले होते, हे तुला माहीत नव्हतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी एक नियम लिहून काढला. ज्या रेषेला जवळपास होकायंत्राचं रीडिंग नाही, ती छापील नकाशात जाणार नाही. प्रत्येक रेषेला आकडा द्यायचा: एक म्हणजे पाहिलेली, दोन म्हणजे ताडलेली, तीन म्हणजे नुसती शंका. छापताना एक आणि दोन दिसतील, तीन झाकलेली राहील. लिंडाला तो फार आवडला. तुलाही सही करावी लागली. सही करताना म्हणालास, "बाई, तू माझ्यावर सूड उगवून राह्यली." एरवी ऑफिसात तू चांगलं पुणेरी बोलायचास. वणीची भाषा निघाली की समजायचं, साहेबांना लागलंय.

लागलं होतं तर स्पष्ट बोलायचं होतंस. सही कशाला केलीस?

मागच्या खेपेला आलास तो येताच खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसलास. खाणीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर तू एक लांब रेष काढली होतीस. तुटक. मी विचारलं, रीडिंग कुठं आहे? तू म्हणालास, रीडिंग नाही, सगळीकडे माती बसलीय, खडक उघडा नाही. पण भिंतीच्या माथ्यावर नेचे उगवलेत. एका रांगेत. दोन्हीकडे कोरडं रान आणि मधेच हिरवीगार ओळ, सुतानं आखल्यासारखी. तिथून पाणी पाझरतंय म्हणजे खाली काहीतरी फाटलेलं आहे.

मी हसले. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. डागाचे दोन आठवडे वसूल झाल्यासारखं. "नेच्यांना मी कुठला आकडा देऊ? एक की दोन?" असं मी मोठ्यानं म्हटलं, पलीकडच्या टेबलावर ऐकू जाईल असं.

"दोन दे."

"रीडिंग नाही. तीन."

"तीन दिलं तर छापताना दिसणार नाही ना. तिथं उभा असलेला माणूस कागद उघडेल आणि त्याला ती जागा मोकळी दिसेल. मोकळी जागा म्हणजे तिथं काही नाही असं नसतं, मधुरा. तिथं कुणी पाहिलं नाही, एवढंच असतं."

"मग पाहून ये. नियमावर तुझी सही आहे."

"पुरावा काहून पाह्यजे तुले? नेचे पाह्य ना बाई. ते काय खोटं बोलतील?"

मी दोनच्या जागी तीन टाकलं. तुझ्या डोळ्यांदेखत. तू उठलास, चहा आणलास, माझ्यासाठी नाही आणलास, आणि संध्याकाळपर्यंत बोलला नाहीस. तुझ्यासारख्या माणसाला पाच तास गप्प बसवणं ही मला तेव्हा मोठीच कामगिरी वाटली होती.

पुढच्या खेपेला तुझं काम पश्चिमेला होतं. नव्या बोअरची तपासणी. पूर्वेकडे जायचं तुला काही कारणच नव्हतं. पण तू तिथून दोनदा फोन केलास, आणि दोन्ही वेळा नेचे. तिसऱ्या वेळी मी फोन उचललाच नाही, मेसेज केला. तो मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. तुझा फोन मातीत गेला, म्हणजे जगात तो आता एकाच ठिकाणी उरलाय. "एक रीडिंग आण. एकच. मग घालते रेष. तोवर डोकं खाऊ नकोस." तू लिहिलंस, "आणतो. मग चहा तुझ्याकडून." मी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंडाला खाणीतून फोन आला. मी बाटलीत पाणी भरत होते. तिचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, पुन्हा माझ्या नकाशात काहीतरी चूक निघाली. अवि, ते खरंच होतं. मला ते कळायला पाच-सहा तास लागले.

दोन दिवस पाऊस पडत होता. ताजी कापलेली भिंत, ती तुझ्यावर ढासळली. वीस वर्षं खाणीत काढलेल्या माणसाला हे मी सांगायचं? थांबायचं होतंस की रे दोन दिवस. नेचे कुठं पळून जाणार होते? तुला अक्कल नव्हती का? तुला एक मुलगी आहे हे तरी आठवलं का? मी स्वैपाक करताना तुझ्याशी मोठमोठ्यानं भांडते. माझा नवरा, निखिल, बाहेरच्या खोलीतला टीव्ही लहान करतो. आणि भांडताना दर वेळी मी त्याच एका जागी येऊन अडते. तू गेलास तो मी पाठवलं म्हणून गेलास.

तुझ्याबरोबर तिथले सर्व्हेअर होते, पाक युसुफ, म्हणजे आपल्याकडचे युसुफराव. तुझ्या टॅबलेटची बॅटरी संपली म्हणून दुसरी आणायला ते गाडीपर्यंत गेले होते, म्हणून वाचले. "पेन्सिलीची बॅटरी संपत नाही," असं तू टॅबलेटवरून मला कायम ऐकवायचास. तुझ्या देहाबरोबर तेच इथवर आले. अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये सगळ्यात मागे उभे होते, पायांत नवे बूट. मला म्हणाले, मिस्टर अवि शर्टाच्या बाहीनं दगड पुसत होते आणि मला ओरडून म्हणाले, लवकर या. ते आनंदात होते. मी त्यांना इंग्रजीत थँक यू म्हटलं.

शुभांगीनं मला पहिल्यांदा विचारलं ते तिथंच. "पण तो तिथं का गेला होता? त्याचं काम दुसऱ्या बाजूला होतं ना? तू तर रोज बोलायचीस त्याच्याशी." मी म्हटलं, माहीत नाही गं. दुसऱ्यांदा विचारलं ते दहाव्याला, तुझ्या फोटोसमोर बसून. माहीत नाही. तिसऱ्यांदा परवा, ही वही देताना. आता ती तसं विचारतही नाही, स्वतःशीच बोलते. खाणीनं पाठवलेल्या अपघाताच्या कागदात लिहिलंय, की कामाचं कारण नसताना त्या जागी गेले. शुभांगीनं ते वाचलंय. "आमचा विचार केला नाही त्यानं. हौस होती ना जिथं नको तिथं जायची," असं ती कपाटातले तुझे शर्ट काढत म्हणत होती. ईरा शेजारी होती. ती मला म्हणाली, "आंटी, बाबा गो व्हेअर कॅनॉट गो. दॅट्स व्हाय." शाळेतली नियम मोडणाऱ्या मुलाची तक्रार सांगावी तशी म्हणाली. नऊ वर्षांची आहे. आणखी साठ-सत्तर वर्षं ती हेच धरून चालेल.

मी तेव्हाही उठले. पाणी पिऊन निघाले.

ऑफिसनं मला विचारलं होतं, त्या जागी काही धोका असल्याचं नकाशात होतं का. चौथ्या दिवशी विचारलं. मी लिहिलं, "छापील नकाशात त्या जागी कोणतीही नोंद नव्हती." अक्षर न् अक्षर खरं आहे. तू म्हणालास तशी मोकळी जागा. लिंडानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "इट वॉज द रेन, मधुरा. ही ऑल्सो शुड नो, राइट?" निखिलला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आणि शुभांगीला सांगून काय मिळणार? तिला आणखी एक दुःख कशाला देतेस? तो वाईट माणूस नाही. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून तर त्याला सांगितलं.

संगणक मात्र विसरत नाही. कुणी कुठली रेष कधी बदलली ते तो मागे लिहून ठेवतो. मीच ती सोय लावून घेतली होती, तुझ्या चुका पकडायला. काल पाहिलं. तुझ्या रेषेपुढे एकच नोंद आहे. दोनचे तीन. बदल करणारी व्यक्ती, मधुरा. लिंडानं सांगितलंय, जुन्या नोंदी साफ करून महिन्याचा नकाशा पक्का कर. दर महिन्याला आपण करतोच. एक बटण दाबायचं. माझा हात तिथवर गेला होता, अवि. तुझ्यापासून काय लपवायचं.

इथवर लिहिलं आणि वही उघडली.

शेवटून पाचव्या पानापर्यंत बोअरची कामं आहेत, तुझ्या त्या मुंगीच्या पायांच्या अक्षरात. मग एक कोरं पान. मग नंबर ३१८. दिशा ४२, कल ६८, खाणीच्या बाजूला. म्हणजे भेग होती आणि तिचा उतार सरळ आत, खाणीकडे होता. वरचा सगळा डोंगर त्या उतारावर नुसता टेकलेला होता. शेजारी लहानसं चित्र, तुटक रेषेला मधेच एक सलग तुकडा. खाली दोन ओळी. "चकचकीत. ओला. हाताला लागतो. नेच्यांचं बरोबर होतं." आणि त्याच्याखाली, पेन्सिल दाबून, "मधुराकडून चहा."

मी ते पान कितीदा वाचलं ते सांगत नाही. पानावर चिखलाचा एक डाग आहे, तपकिरी. अंगठ्याएवढा.

आज सोमवार. काल दुपारी मी हौगांगला गेले. निखिलला सांगून गेले. घरात सगळीकडे खोकी. शुभांगी स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती, ईरा एका भरलेल्या खोक्यावर बसून पाय हलवत होती. मी ठरवलं होतं की ईराला आत पाठवायचं आणि मग बोलायचं. पण माझ्या अंगात तेवढंच त्राण होतं. थांबले असते तर पुन्हा पाणी पिऊन निघून आले असते. मी उभ्यानंच म्हटलं, "शुभांगी, तो का गेला ते मला माहीत आहे. मी पाठवलं होतं त्याला."

मग सगळं सांगितलं. नेचे, आकडे, मी मोठ्यानं काय म्हटलं ते, मेसेज. फोन पुढे केला. तिनं तो हातात घेतला नाही, वाकून वाचला. डबा तिच्या हातात तसाच होता.

"मी तुला किती वेळा विचारलं?" ती म्हणाली.

"तीनदा."

"मी त्याच्या फोटोला शिव्या घातल्या, मधुरा. रोज घालते आहे. तू बसलेली असायचीस समोर."

मी वही उघडून शेवटचं पान वाचून दाखवलं. चहाची ओळसुद्धा. का वाचली कुणास ठाऊक. शुभांगीनं डबा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. ईरा खोक्यावरून उतरली, माझ्याजवळ आली, पानातलं चित्र पाहिलं.

"सो बाबा वॉज राइट?"

"हो. बाबाचंच बरोबर होतं. तो कामालाच गेला होता. मी सांगितलेल्या कामाला."

ती चित्राकडे बघत राहिली. तुटक रेषेवरून तिनं बोट फिरवलं. मग मान वर करून तिनं विचारलं, "देन व्हाय यू नेव्हर ड्रॉ, आंटी?"

शुभांगीनं तिला गप्प केलं नाही. तीही वळून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघावी तशी. माझ्याकडे नियम होता, सही होती, चहाचा डाग होता. त्यातलं एकही त्या मुलीला सांगता येईना. मी रडलेही नाही. शेवटी शुभांगी म्हणाली, "वही ठेव इथं. आणि तू जा आता." दाराशी मी म्हटलं, बुधवारी एअरपोर्टला येते. ती म्हणाली, "नको येऊस."

नाही जाणार. तेवढं तरी ऐकेन म्हणते.

आज सकाळी ऑफिसात आल्यावर आधी लिंडाला लिहिलं. चौथ्या दिवशी मी दिलेलं उत्तर अपुरं होतं, त्या जागी रेष होती, ती मी झाकली, आणि तो रीडिंग घ्यायला माझ्या सांगण्यावरून गेला होता. बदलाची नोंद जोडली, मेसेज जोडला. खाणीच्या कागदातलं ते वाक्य बदला, असंही लिहिलं. बदलतील का माहीत नाही. लिंडानं अजून उत्तर दिलेलं नाही, पण ती दोनदा काचेतून माझ्याकडे बघून गेली. माझं काय करायचं ते करोत. मन हलकं होईल असं मला कुठंतरी वाटत होतं. झालं नाही. शुभांगीनं चार थोबाडीत दिल्या असत्या तर कदाचित झालं असतं.

मग ३१८ नंबरचा ठिपका घातला. वही माझ्याकडे नाही, पण ४२ आणि ६८ आता मी मरेपर्यंत विसरणार नाही. निरीक्षक या रकान्यात यादीतून नाव निवडायचं असतं. यादीत तू नव्हतास. गेल्या आठवड्यात काढलेलं दिसतंय, नोकरी सोडणाऱ्यांची नावं काढतात तसं. मी परत घातलं.

आणि रेष काढली. तुझ्याच पद्धतीनं, अवि. पाहिलं ते सलग, ताडलं ते तुटक. ढासळलेल्या भिंतीत ती भेग आता लांबवर उघडी पडली असेल, पण ती बघायला अजून कुणी गेलेलं नाही आणि मी यापुढे कुणाला जा म्हणणार नाही. म्हणून नेच्यांच्या रांगेखालून दोन्ही बाजूंना लांब तुटक, आणि मधे तू बाहीनं पुसलास तेवढाच तुकडा सलग. तीनच्या जागी तुटक भागाला दोन आणि सलग तुकड्याला एक टाकलं. मग छापून पाहिलं, दिसते का ते. दिसते. कागदावर तो सलग तुकडा माझ्या करंगळीच्या नखाएवढा भरतो.